काचेतली गोडबोली

४ ऑगस्ट, सोमवार

मी देओलिंदा. वय शहात्तर, चर्चच्या वहीप्रमाणे. माझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणे अठ्ठ्याहत्तर, आणि जन्माच्या वेळी चर्चची वही तिथं नव्हती, आई होती. मला अक्षर येत नाही. हे लिहितायत ते बेलार्मिनो मास्तर. आमच्या गावचं पोस्ट त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं. मी बोलायचं, त्यांनी लिहायचं, असं ठरलंय.

वही माझ्या नातीची, जुसाराची. ती झाडापाल्याचं शिक्षण घ्यायला काल बेलो होरिझोंतेला गेली. जाताना म्हणाली, "आजी, पेटीत काय दिसतं ते लिहून ठेव."

"मी लिहून ठेवू? बरी आहेस ना?"

"तू सांग, मास्तर लिहितील."

मास्तर तिथंच कॉफी पीत होते. हो म्हणायची त्यांना इतकी घाई झाली की कॉफी शर्टावर सांडली.

पेटी म्हणजे माशांची जुनी काचपेटी. खाली पांढरी वाळू, वर डोंगरातली काळी माती, त्यावर ओलं शेवाळ. शेवाळात ओळीने तीन रोपं, माझ्या करंगळीएवढी. पानापानावर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. जुसारा त्याला दवबिंदू म्हणते. पुस्तकातलं नाव अजून लांब आहे. मी गोडबोली म्हणते. बघणाऱ्याला मध दिसतो, चिलट टेकलं की ही बाई त्याच्या गळ्यात हात टाकते आणि सोडत नाही. अशा दोघी आमच्या आळीतही आहेत, पण मास्तर म्हणतात वहीत नावं नकोत.

या तिघी आल्या कुठून, तर मोठ्या चढाखालच्या पाझरावरून. रस्ता रुंद करताना तो पाझर दगडांनी बुजवला. जुसाराने आदल्या संध्याकाळी या तीन काढून आणल्या. ही जात तिला दुसरीकडे कुठेच सापडली नाही. शहरात तिच्या खोलीला ऊन नाही, म्हणून पेटी माझ्या खिडकीत. "फूल आलं की बी धरेल, बी धरलं की दुसऱ्या पाझरावर पेरू. या तिघी गेल्या तर संपलं, आजी."

नातीने शाळेचं काम पहिल्यांदाच माझ्यावर टाकलंय. मी म्हटलं, अगं, चार पोरं वाढवली, तीन रोपांचं काय. पोटात गोळा आला होता, ते लिहू नका मास्तर.

पेटीच्या वर कोनाड्यात सांत आनाची मूर्ती आहे, आपल्या लेकीला, मेरीला, मांडीशी घेऊन वाचायला शिकवणारी. तिच्या हातात पुस्तक आहे म्हणून मी तिला फारसं काही विचारत नाही. आज विचारलं.

७ ऑगस्ट

काही झालं नाही. मास्तर म्हणतात काही झालं नाही तर लिहायची गरज नाही. मग आलात कशाला, असं मी विचारलं. त्यांनी मक्याच्या पावाचे, ब्रोआचे, दोन तुकडे खाल्ले आणि गेले.

१२ ऑगस्ट

चूक झाली. माझ्या घरी आलेल्याला कॉफी-चीज दिल्याशिवाय मी कधी सोडलं नाही. या तिघी आठ दिवस माझ्या खिडकीत बसल्यात आणि चिलटाशिवाय पोटात काही नाही. मधलीच्या पानावर मी चीजचा कण ठेवला, तांदळाच्या कणीएवढा. पान वळलं, अगदी आईने लेकराला कवेत घ्यावं तसं. मला इतका आनंद झाला की उरलेल्या दोघींनाही ठेवला. आज तिन्ही पानांना पांढरी बुरशी.

मास्तरांनी नखं कापायच्या कात्रीने ती पानं काढली. डोळ्यांवर दोन चष्मे चढवले होते. मला ते दोना म्हणतात, म्हणजे बाईसाहेब. म्हणाले, "दोना देओलिंदा, यांना पाहुणचार सोसत नाही."

"तुम्हाला बरा सोसतो."

केळ्याचं साल पेटीशेजारी ठेवायची युक्ती त्यांचीच. चिलटं सालावर येतात आणि इकडे फसतात.

१९ ऑगस्ट

जुसाराने भरून ठेवलेलं पावसाचं पाणी संपलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते चालत नाही. पाऊस ऑक्टोबरशिवाय नाही. आज सकाळी मास्तर दारात, त्यांचं खेचर बारोनेझा घामाने निथळतंय, दोन्ही बाजूंना बाटल्या. वरच्या ओढ्याचं पाणी, कोऱ्या चहासारखं तपकिरी, जसं तिघींना जन्मापासून लागतं. जाऊन-येऊन चार तास. मी म्हटलं, निवृत्त माणसाला वेळ जात नाही हेच खरं.

मास्तरांचं अक्षर चांगलं असावं. पेन कागदावरून जाताना जातं ओढल्यासारखा एकसारखा आवाज येतो. माझ्या ओनोफ्रेची, जुसाराच्या बापाची पत्रंही हेच वाचून दाखवायचे. तो साओ पावलोच्या बांधकामांवर होता तेव्हा. पत्रात पोरगा काय गोड बोलायचा. "आई, इथं पाऊस पडला की तुझ्या चुलीचा वास येतो." घरी आला की तोंडाला कुलूप. काही माणसं कागदावरच मोकळी होतात.

३१ ऑगस्ट, रविवार

जुसाराचा फोन दर रविवारी मास्तरांच्या ओसरीवर येतो, गावात तिथंच नीट लागतो.

"आजी, दांडा दिसतो का मधून?"

"नाही गं. पानंच पानं."

"कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, जागा बदलली की कधीकधी ती फुलतच नाहीत. तशीच म्हातारी होऊन जातात."

"म्हातारी होणं एवढं वाईट नसतं."

ती हसली, पण तिचं हसणं मी ओळखते. ते तिचं नव्हतं.

९ सप्टेंबर

मी फूलवेची. माझी आई, तिची आई, सगळ्या फूलवेच्याच. वर डोंगराच्या माळावर न कोमेजणारी फुलं वेचायची, जुड्या बांधायच्या, वाळवून शहरात पाठवायच्या. हंगामात खडकाच्या लापेत, म्हणजे छपरासारख्या कपारीत, महिना-महिना मुक्काम. तर मला एवढं कळतं की आमचा माळ जळल्याशिवाय फुलत नाही. पाऊस यायच्या आधी, वारा पडलेला बघून, आम्ही माळाला काडी लावायचो. अर्धा जाळायचा, अर्धा ठेवायचा. पुढच्या वर्षी जळल्या अर्ध्यावर पाय ठेवायला जागा नसायची, एवढी फुलं. आता वर जाळायला बंदी आहे. पंधरा वर्षं झाली, मी माळावर काडी ओढलेली नाही.

या तिघीही त्याच माळाच्या. मी नुसतं सांगतेय.

१४ सप्टेंबर, रविवार

जुसाराला सांगितलं, ठीक आहेत. वहीतही तेवढंच लिहा, ठीक आहेत.

आता पुढचं सांगते ते लिहू नका. सांगितल्याशिवाय मला घास जाणार नाही, आणि सांत आनाला सांगून उपयोग नाही, ती पुस्तकाच्या बाजूची.

काल मी जाळलं. रीतीप्रमाणेच जाळलं. कोपऱ्यातली एक निवडली, तिच्याभोवती चिमूटभर वाळकं गवत पसरलं, बाकी दोघींच्या बाजूचं शेवाळ ओलं केलं. वारा नव्हता. काडी ओढली. मास्तर, खोटं कशाला सांगू, तो वास आला आणि मी वीस वर्षांची झाले. आईची हाक ऐकू आली, "डावीकडून, देओलिंदा, डावीकडून लाव." ज्वाळ टीचभर होती. पण माळावर धग वर जाते, पेटीत तिला जायला जागाच नाही. टक्क आवाज झाला आणि काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. मी वर पाणी ओतेपर्यंत तिघींचे थेंब वाळून गेले होते. केस काळे. पानं जळक्या दोऱ्यासारखी. कोपऱ्यातली तर राहिलीच नाही.

अर्धं ठेवायचं असतं. मी सगळं जाळलं.

तुम्ही लिहिताय का, मास्तर? पेनचा आवाज येतोय. हं. रेघोट्या मारत असाल, मारा.

१६ सप्टेंबर

मास्तर पोस्टातली लाल लाख घेऊन आले. मेणबत्तीवर वितळवून त्यांनी काचेचा तडा सांधला. आता पेटी सरकारी पाकिटासारखी दिसते. मी म्हटलं, आत मढी आहेत, मोहोर कशाला लावताय. ते म्हणाले, "पत्ता सापडला नाही तरी पाकीट आम्ही फेकत नव्हतो. थांबत होतो." आणि ओढ्याचं पाणी घालून गेले.

२८ सप्टेंबर, रविवार

ठीक आहेत, असं सांगितलं. तिसरा रविवार. जुसाराने विचारलं, "फोटो पाठवायला सांग ना मास्तरांना." मी म्हटलं, मास्तरांचा फोन बिघडलाय. मास्तर त्या बिघडलेल्या फोनकडे बघत बसले.

मी एक ठरवलंय. वर जायचं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज एवढं झालंय की मास्तर, नवीन पान घ्या.

पहाटे निघालो. मी बारोनेझावर, मास्तर चालत. एक्काहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरतात. मी म्हटलं, बसा आता तुम्ही, मी चालते. म्हणाले, "मला चढ आवडतो." दर वळणावर थांबून त्यांना फार आवडत होता.

माझ्या मनात काय होतं ते सरळ सांगते. दुसरी गोडबोली शोधायची, उपटायची, पेटीत लावायची, गप्प बसायचं. मास्तरांना मी ओढ्याचं पाणी आणायला जातेय असं सांगितलं होतं. कमरेला खुरपं बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असेल.

आमच्या लापेपाशी दुपार झाली. आईची चूल अजून तिथंच, तीन दगड. आणि मागच्या कपारीत, जिथं खडक वर्षभर घाम गाळतो, तिथं एक होती. एकच. आमच्या तिघींचीच जात, लांब पानांची, थेंबाथेंबात ऊन. जुसाराला ती दिसली नाही, कारण तिथं पोहोचायला पोटावर सरकावं लागतं, आणि ते फक्त लापेत झोपलेल्या पोरींना ठाऊक. मी सरकले. कशी सरकले ते विचारू नका, आणि कशी बाहेर निघाले ते तर लिहूच नका, मास्तरांनी पाय धरून ओढलं.

खुरपं मातीला टेकवलं होतं. फूलवेचीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. एका हाताने दांडा ओढायचा, दुसऱ्या हाताचा अंगठा मुळावर दाबून धरायचा. मूळ वर आलं तर थप्पड. मला एकदाच बसली, सात वर्षांची असताना, याच लापेत. सत्तर वर्षांनी तो गाल झोंबला, मास्तर, खरंच झोंबला. मी खुरपं बाहेर फेकलं.

बाहेर येऊन बसले. मास्तरांनी बाटली पुढे केली. म्हणाले, "पत्रात वाईट बातमी असली की मी आधी पाणी द्यायचो."

तेवढ्यात मास्तरांच्या खिशात फोन वाजला. तिथं कड्यावर लागतो. रविवार होता.

"आजी? कशा आहेत गं तिघी?"

"मी जाळल्या."

"काय?"

"फुलाव्यात म्हणून. माळासारख्या. काडी लावली. तिघी गेल्या, जुसारा. तीन आठवडे झाले. मी खोटं बोलत होते."

नुसता वारा. मग म्हणाली, "आजी, मी नंतर बोलते."

वरच्या एकीचं सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर वाटलं असतं, म्हातारी लाच देतेय.

१२ ऑक्टोबर, रविवार

फोन आला नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

फोन आला नाही. मास्तर फोन हातात घेऊन ओसरीवर बसले होते, जसा काही फोनच उबवतायत. मी त्यांना म्हटलं, घरी जा. ते म्हणाले, हे माझंच घर आहे.

पाऊस सुरू झाला. मास्तर आता वर जात नाहीत, अंगणात भांडी मांडून पाणी धरतात आणि मेलेल्यांना घालतात. मला बघवत नाही. मी पेटीवर फडकं टाकून ठेवते, ते येऊन काढतात.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

दफनभूमीत नवऱ्याला फुलं वाहून आले. त्याला सगळं सांगितलं. तो जिवंतपणीही ऐकताना झोपायचा.

घरी आले तर मास्तर खिडकीपाशी, दोन चष्मे. "दोना देओलिंदा, हे बघा."

"माझे डोळे तुमच्याहून बरे आहेत, सरका." सरकले. मधलीच्या काळ्या बुडख्याशी काहीतरी हिरवं. मोहरीएवढं. मला वाटलं शेवाळ. पण शेवाळाला केस नसतात. याला दोन होते, आणि एकाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान एक थेंब.

मी खुर्चीवर बसले. मास्तरांनी पाणी दिलं. मी म्हटलं, अहो, ही बातमी वाईट नाही.

१६ नोव्हेंबर

पलीकडच्या कडेची पण आली. तीन पानं, चार पानं. कोपऱ्यातली, जिला मी खास निवडलं होतं, ती मात्र आली नाही. आता येणार नाही. मूळ काळं झालंय. तिचा कोपरा तसाच ठेवलाय.

फोन आला तरी जुसाराला सांगायचं नाही. तिला आधीच एकदा ठीक आहेत म्हणून सांगितलंय, तेही तीनदा. आता तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

काल जुसारा आली. आधी खिडकीकडे गेली, मग माझ्याकडे. तसंच हवं होतं.

बराच वेळ पेटीसमोर बसली. लाखेच्या तड्यावरून बोट फिरवलं. कडेच्या रोपाच्या मधून एक दांडा निघालाय, विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, त्यावर कळ्या. मी बटाटे सोलत राहिले, आमच्या तिघांना पुरतील त्याच्या दुप्पट सोलले.

मग तिने वही घेतली. खिडकीत बसून दुपारभर वाचली. आधी हसत होती. मग हसायची थांबली. मग उठून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, सहा वर्षांची असताना ठेवायची तसं, आणि म्हणाली, "आजी, वर कपारीत एक आहे? आणि तू ती काढली नाहीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"वहीत आहे."

"वहीत कसं असेल? आणि काय काय आहे?"

"सगळं. चीज, काडी, पोटातला गोळा. 'हे लिहू नका' हेसुद्धा लिहिलंय, दरवेळी."

मास्तर दारात उभे होते, टोपी हातात. मी म्हटलं, "मास्तर, ही काय चहाडी. मी लिहू नका म्हणाले होते."

ते म्हणाले, "तुम्ही बोलत होता. त्यातलं टाकायचं कोणतं, ते मला ठरवता आलं नाही."

जुसारा त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग उगाचच बटाट्यांकडे.

२२ डिसेंबर

माझ्या मनात एक आलं. जो माणूस बोललेलं अक्षर टाकत नाही, त्याने वाचलेलं आपण पुन्हा ऐकावं. काल मास्तर गेल्यावर मी ओनोफ्रेच्या पत्रांचा डबा काढला. जुसाराला म्हटलं, ते चुलीच्या वासाचं पत्र वाच.

तिने एक वाचलं. "आई, मी ठीक. इकडे थंडी आहे. मोजे पाठव. ओनोफ्रे."

"हे नव्हे. दुसरं."

दुसरं वाचलं. त्यात तो ठीक होता आणि मोजे मिळाले होते. असे चोवीस कागद. चुलीचा वास कुठेच नाही. पाऊस नाही. "आई, झोपताना तुझा आवाज आठवतो," तेही नाही.

"पान उलट," मी म्हटलं.

"मागे कोरं आहे, आजी."

आज मास्तर आले, इस्त्रीचा शर्ट, पेन खिशात. मी म्हटलं, बसा आणि लिहा. लिहा की माझ्या लक्षात आलंय, बेलार्मिनो मास्तरांना वाचता येत नाही.

पेन थांबलं.

लिहा म्हटलं ना. त्यांना वाचता येत नाही. एकतीस वर्षं पोस्ट कसं चालवलं देव जाणे. लिहिलंत? आता हेही लिहा की त्यांचे कान लाल झालेत. आणि लिहा की ती पत्रं माझ्या मुलाने लिहिली असती तरी मला एवढी पाठ झाली नसती.

ब्रोआ घ्या. गरम आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

आज सकाळी फूल उघडलं. गुलाबी, माझ्या नखाएवढं. जुसारा म्हणते एका वेळी एकच उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. दुपारी मिटलं. आत आपलं आपणच बी धरतं म्हणे, कुणाची वाट बघत नाही. मला ती घाई पटली.

बी झालं की अर्धं वरच्या कपारीत, त्या एकटीच्या शेजारी. अर्धं पेटीत. ही वाटणी मी सांगितली, आणि जुसाराने मान डोलावली, बाईंनी सांगितल्यावर डोलावते तशी. पोटावर सरकायला या खेपेला ती. मी बाहेर बसून "डावीकडून" असं सांगेन.

संध्याकाळी ती म्हणाली, "आजी, फेब्रुवारीपर्यंत मी इथंच आहे. मास्तरांना रोज कशाला त्रास? वही मी लिहीत जाईन."

मास्तरांनी पेनला टोपण लावलं.

मी म्हटलं, नको. तुझं अक्षर बरं नाही.